‘डिड’ आलं की ‘वेन्ट’ कुठे जातं?

‘आय डिडन्ट वेन्ट’ हे वाक्य चुकीचं आहे, एवढं आपल्याकडे सातवी-आठवीतला मुलगाही सांगतो. का चुकीचं, असं विचारलं की तो वर्गात घोकलेलं सूत्र म्हणून दाखवतो : ‘डिड’नंतर क्रियापदाचं पहिलं रूप. सूत्र बरोबरच आहे. पण ते पाठ असलेली मोठी माणसंही बोलण्याच्या भरात ‘डिडन्ट वेन्ट’ म्हणून जातात, आणि ती काही हुशारीत कमी नसतात. त्यांच्या मनात मराठी वाक्य चाललेलं असतं, आणि ते मराठी वाक्यच त्यांना हाताला धरून ‘वेन्ट’पर्यंत नेऊन सोडतं.

बघा. ‘तू गेलास’ या वाक्याचा नकार करा : ‘तू गेला नाहीस.’ यात काय हललं? ‘गेलास’मधला ‘स’ उठून ‘नाही’ला जाऊन चिकटला. म्हणजे कुणाबद्दल बोलतो आहोत ही खूण नकाराकडे गेली. भूतकाळ दाखवणारा ‘ला’ मात्र जागचा हलला नाही, तो ‘गेला’मध्येच राहिला. आता वर्तमानकाळ घ्या. ‘तो जातो’ याचा नकार ‘तो जात नाही’. ‘ते जातात’ याचा ‘ते जात नाहीत’. इथे मूळ क्रियापद ‘जात’ असं बोडकं झालं आणि एकजण की पुष्कळजण, हे सांगायचं काम ‘नाही’ने उचललं. थोडक्यात, वर्तमानकाळात मराठी जवळजवळ सगळा भार नकारावर टाकते, भूतकाळात अर्धाच.

इंग्रजी दोन्हीकडे सगळाच टाकते. ‘ही गोज’ यातला शेवटचा ‘एस’ काढून ‘डू’ला लावला की ‘डझ’ होतं आणि मागे उरतं ‘गो’. ‘ही वेन्ट’ यातला भूतकाळ काढून ‘डू’ला दिला की ‘डिड’ होतं आणि मागे पुन्हा उरतं ‘गो’. काळाचा शिक्का इंग्रजी वाक्यात एकदाच मारायचा असतो, आणि तो क्रियापदांच्या रांगेत जे पहिलं उभं असेल त्याच्यावर. ‘वेन्ट’ कुठे जातं, तर ‘डिड’मध्ये जातं. ‘डिडन्ट वेन्ट’ म्हणजे एकाच कागदावर दोन शिक्के.

हे एकदा लक्षात आलं की ‘ही डझन्ट गोज’, ‘डिड यू सॉ?’, ‘ही कॅन स्विम्स’, ‘शी वुड वेन्ट’ या सगळ्या चुका एकाच घरच्या निघतात. प्रत्येकीसाठी वेगळा नियम लागत नाही. शाळेत मात्र आपण बारा काळांचे बारा तक्ते करतो, त्यांचे नकारार्थी बारा, प्रश्नार्थक बारा, आणि त्या छत्तीस खणांत मुलं हरवतात.

रांगेत पहिलं उभं राहणाऱ्या या शब्दांना आपण सहायक क्रियापदं म्हणतो. नाव जरा फसवं आहे. ‘सहायक’ म्हटलं की दुय्यम, मदतनीस असं काहीतरी वाटतं. प्रत्यक्षात इंग्रजी वाक्यात काळ, नकार, प्रश्न आणि तुटक उत्तर ही चारही महत्त्वाची कामं तेच करतात. मुख्य क्रियापद फक्त क्रियेचं नाव सांगून बाजूला होतं. बी आणि त्याची अ‍ॅम, इज, आर, वॉज, वेअर ही रूपं. हॅव, हॅज, हॅड. डू, डझ, डिड. आणि कॅन, कुड, विल, वुड, शल, शुड, मे, माइट, मस्ट. एवढीच मुख्य मंडळी. बोटांवर मोजता येतील इतक्या या शब्दांवर सगळ्या भाषेचा गाडा चालतो.

यातलं ‘डू’ तर मुळात या कामाला नव्हतंच. शेक्सपिअरच्या काळात, म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीला आणि सतराव्याच्या सुरुवातीला, ‘तुला माहीत आहे का?’ हे दोन्ही तऱ्हांनी विचारता येई : ‘नो यू?’ अशी मुख्य क्रियापदाचीच उलटापालट करून किंवा ‘डू यू नो?’ असं आजच्यासारखं. नकारही ‘आय नो नॉट’ असा सरळ होई. आल्व्हार एलेगोर्ड या स्वीडिश अभ्यासकाने अनेक जुने मजकूर चाळून या ‘डू’चा प्रसार कसा होत गेला हे १९५३ साली पुस्तकरूपाने मांडलं. प्रश्नांमध्ये ‘डू’ आधी रुजलं, साध्या नकारात ते मागून आलं. बी, कॅन आणि सहायक म्हणून येणारं हॅव यांना मात्र प्रश्नात आणि साध्या नकारात ‘डू’ची गरज कधीच पडली नाही, कारण शिक्का मारून घ्यायला ते स्वतःच रांगेत पुढे हजर होते. म्हणून ‘आर यू रेडी?’ चालतं, ‘डू यू आर रेडी?’ चालत नाही. आज मराठी माणसाला अडवणारं हे ‘डू’ इंग्रजीच्या मानाने बरंच अलीकडचं आहे.

प्रश्नाची गोष्टही याच सूत्राला धरून. मराठीत प्रश्न करायला ‘का’ जोडला की झालं. शब्दांची जागा बदलावी लागत नाही. इंग्रजीत पहिलं सहायक क्रियापद कर्त्याच्या पुढे काढावं लागतं. हे आपण शिकतो आणि मग उलट बाजूने पडतो. ‘तो कुठे आहे?’ हा प्रश्न ‘व्हेअर इज ही?’ असा बरोबर विचारतो आणि ‘तो कुठे आहे ते सांग’ याचं ‘टेल मी व्हेअर इज ही’ करून बसतो. दुसऱ्या वाक्यात आपण विचारत नाही, सांगायला सांगतो आहोत. तेव्हा उलटापालट नको : ‘टेल मी व्हेअर ही इज’. मराठीत दोन्हीकडे ‘तो कुठे आहे’ हेच शब्द याच क्रमाने येतात, त्यामुळे हा फरक आपल्या कानाला सहजी जाणवत नाही. कचेऱ्यांतल्या ईमेलमध्ये ही चूक इतकी दिसते की तिला आता भारतीय इंग्रजीचं वैशिष्ट्य म्हणून सोडून द्यावं, असं कुणी म्हणेल. मी नाही म्हणणार. परीक्षेत आणि मुलाखतीत ती खटकते.

खरा घोटाळा ‘येस’ आणि ‘नो’चा. परदेशातल्या सहकाऱ्याने फोनवर विचारलं, ‘हॅवन्ट यू सेन्ट द फाइल?’ फाइल पाठवलेली नाही. आपण म्हणतो, ‘येस.’ मनात मराठी चालू आहे : ‘फाइल पाठवली नाहीस का?’ – ‘हो, नाही पाठवली.’ मराठीत ‘हो’ म्हणजे तुमचं म्हणणं बरोबर. इंग्रजीत ‘येस’चा समोरच्याच्या म्हणण्याशी संबंध नसतो, तो येऊ घातलेल्या सहायक क्रियापदाशी बांधलेला असतो. ‘येस, आय हॅव’ किंवा ‘नो, आय हॅवन्ट’ या दोनच जोड्या. प्रश्न होकारार्थी असो की नकारार्थी, पाठवली असेल तर येस, नसेल तर नो. आपला ‘येस’ ऐकून पलीकडचा माणूस निर्धास्त होतो, आणि फाइल संध्याकाळपर्यंत आपल्याच संगणकावर पडून राहते. यावर सोपा तोडगा आहे. नुसतं येस किंवा नो म्हणून थांबायचं नाही, मागचे दोन शब्द जोडायचे. ‘आय हॅवन्ट’ म्हटल्यावर गैरसमजाला जागा उरत नाही.

वाक्याच्या शेवटी येणारं ‘इझन्ट इट?’ हेही असंच मराठी डोक्यातून आलेलं. आपला ‘ना’ कुठेही चिकटतो : तू येणार ना, ते गेले ना, चहा घेतलात ना. फ्रेंचांचं ‘नेस्पा’ही असंच एकसुरी आहे. इंग्रजी मात्र इथे दर वेळी बारीक हिशेब मांडते. आधीच्या वाक्यातलं सहायक क्रियापद उचला, त्याचा होकार-नकार उलटा करा, कर्त्याच्या जागी सर्वनाम घाला. ‘यू आर कमिंग, आर्न्ट यू?’ ‘सीमा वेन्ट होम, डिडन्ट शी?’ दुसऱ्या वाक्यात ‘डिड’ दिसत नव्हतं, पण ‘वेन्ट’च्या पोटात ते होतंच. आपसांत बोलताना सगळीकडे ‘इझन्ट इट’ म्हटलं तर माझी काही हरकत नाही. लंडनच्या रस्त्यांवरची तरुण मंडळीसुद्धा ‘इनिट’ असंच कुठेही चिकटवतात. लेखी इंग्रजीत मात्र हिशेब चुकवू नये.

आता आखूड रूपांकडे वळू : डोन्ट, कान्ट, आयम, वीव्ह, हीज. यांच्याबद्दल आपल्याकडे एक अकारण धास्ती असते. पूर्वीच्या मास्तरांनी ‘निबंधात डोन्ट लिहू नका’ असं बजावलेलं असतं आणि आपण बोलतानाही ‘आय डू नॉट नो’ असं एकेक शब्द मोजून बोलू लागतो. ऐकणाऱ्याला ते रागावून बोलल्यासारखं वाटतं, कारण सुटं ‘नॉट’ इंग्रजीत जोर देण्यासाठी वापरतात. खरं तर आखूड रूपांची सवय आपल्याला जन्मापासून आहे. ‘करतो आहे’चं ‘करतोय’, ‘आला आहे’चं ‘आलाय’, ‘झालं आहे’चं ‘झालंय’. नकारातही ‘न’ आणि ‘होता’ मिळून ‘नव्हता’ हा एकजीव शब्द आपण केलाच आहे. सरकारी पत्रात ‘कार्यवाही करण्यात येत आहे’ असं असतं. तिथे ‘येतेय’ लिहिणारा कारकून अजून जन्मायचा आहे. इंग्रजीतही नेमका हाच भेद. बोलणं, घरगुती पत्र, साधा ईमेल यांत आखूड रूप. करारनामा, अर्ज, शोधनिबंध यांत पूर्ण.

या रूपांवर इंग्रजांनीही पुष्कळ आदळआपट केली. ‘गलिव्हर’वाल्या जोनाथन स्विफ्टने १७१० साली ‘टॅटलर’ या नियतकालिकात असल्या काटछाटीची यथेच्छ टर उडवली होती. स्विफ्ट गेला, ‘कान्ट’ आणि ‘डिडन्ट’ राहिले. ‘वोन्ट’ हे ‘विल नॉट’चं रूप असून त्यात ‘ओ’ कुठून आला, हा मुलांचा लाडका प्रश्न. ‘विल’चं ‘वोल’ असंही एक रूप जुन्या इंग्रजीभाषकांत चालत असे. त्याचा नकार टिकला, होकार गेला. ‘अ‍ॅम नॉट’चं सरळ आखूड रूप ‘अ‍ॅमन्ट’ आज आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये ऐकू येतं; बाकीच्यांनी ‘आर्न्ट आय?’ अशी पळवाट काढली. ‘आय अ‍ॅम लेट, आर्न्ट आय?’ हे व्याकरणाच्या दृष्टीने अजब आहे आणि तरीही तेच बरोबर आहे. व्याकरणात असं घडतं.

१९८३ साली अर्नोल्ड झ्विकी आणि जेफ्री पुलम या भाषावैज्ञानिकांनी एक मजेदार निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं की ‘डोन्ट’, ‘कान्ट’मधला ‘न्ट’ हा आता ‘नॉट’ आखडून झालेला शब्द राहिलेला नाही, तो सहायक क्रियापदाचा प्रत्यय झाला आहे. त्यांचा एक पुरावा कुणालाही करून बघता येईल. ‘कान्ट यू कम?’ हा प्रश्न पूर्ण रूपात लिहायला घ्या. ‘कॅन नॉट यू कम?’ असं होत नाही. ‘कॅन यू नॉट कम?’ असं करावं लागतं. नुसतं आखूड रूप असतं तर उलगडल्यावर शब्द जागच्या जागी बसले असते.

आखूड रूपांतला एक नियम मात्र आपल्याला मुद्दाम शिकावा लागतो. होकारार्थी आखूड रूपाच्या पुढे काहीतरी असावं लागतं. ‘आर यू रेडी?’ याला ‘येस, आय अ‍ॅम’ असं उत्तर. ‘येस, आयम’ असं नाही. ‘न्ट’वाल्या रूपांना ही अट नाही : ‘नो, आय कान्ट’ खुशाल म्हणा. दुसरी अडचण, एकाच आखूड रूपामागे दोन शब्द लपलेले असतात. ‘आयड’ म्हणजे आय हॅड की आय वुड? पुढचं क्रियापद बघायचं. ‘आयड गॉन’ यात तिसरं रूप आहे, म्हणून हॅड. ‘आयड गो’ यात पहिलं, म्हणून वुड. ‘आयड बेटर गो’ हे यातलं आडमुठं प्रकरण, तिथे पहिलं रूप असूनही मूळ शब्द हॅड आहे. ‘हीज गॉन’ यातही बहुतेक वेळा हॅज असतो, ‘हीज गोइंग’ यात इज.

इथे एक गंमत सांगायला हवी. इंग्रजी ज्यांची मायबोली आहे त्यांची मुलं ‘शुड हॅव’ याचं आखूड रूप कानाने ऐकतात आणि ‘शुड ऑफ’ असं लिहून मोकळी होतात. ‘इट इज’चं आखूड ‘इट्स’ आणि ‘त्याचं’ या अर्थाचं ‘इट्स’ यांतही त्यांची सर्रास गल्लत होते. आपल्याकडे ‘शुड ऑफ’ जवळजवळ कुणीच लिहीत नाही, कारण आपण ही भाषा डोळ्यांनी शिकलो. त्यांच्या चुका कानाच्या, आपल्या बांधणीच्या. इंग्रजीभाषकांसाठी लिहिलेली ‘टॉप टेन चुका’वाली पुस्तकं आपल्या फारशी उपयोगी पडत नाहीत, त्याचं कारण हेच.

तरी ‘इट्स’चा नियम सांगून टाकतो. मालकी दाखवणाऱ्या या सर्वनामांना अ‍ॅपॉस्ट्रॉफी कधीच लागत नाही : हिज, हर्स, अवर्स, युअर्स, देअर्स, आणि त्याच रांगेतलं इट्स. अ‍ॅपॉस्ट्रॉफी दिसली की तिथे ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ उलगडून बघायचं. अर्थ लागला तर ठेवायची, नाही तर खोडायची. हे मालकीचं ‘इट्स’ही नवखं आहे. आधी निर्जीव वस्तूंनाही ‘हिज’च लावत. १६११ साली निघालेल्या किंग जेम्स बायबलच्या पहिल्या छपाईत ‘इट्स’ सापडत नाही.

सर्वनामांचा विषय निघालाच आहे तर ‘वी’बद्दल बोलू, कारण इथे मराठी इंग्रजीपेक्षा श्रीमंत आहे. आपल्याकडे ऐकणाऱ्याला सोडून ‘आम्ही’ आणि ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’. इंग्रजीत दोन्हीला एकच ‘वी’. पण एका जागी इंग्रजीलाही हा भेद करावा लागला आहे, आणि तो तिने आखूड रूपाने केला आहे. ‘लेट्स गो’ म्हणजे चला, आपण जाऊ. ‘लेट अस गो’ असं सुटं सुटं म्हटलं तर त्याचा ‘आम्हाला जाऊ द्या’ असाही अर्थ होतो. दारात अडवणाऱ्या पहारेकऱ्याला कुणी ‘लेट्स गो’ म्हणणार नाही. तो बिचारा सोबत निघायचा.

‘यू’ एकालाही आणि अनेकांनाही कसं, असं विचारणाऱ्यांना ‘तू’ आणि ‘तुम्ही’ची आठवण द्यावी. इंग्रजीत एकाला ‘दाऊ’ आणि पुष्कळांना किंवा मानाच्या माणसाला ‘यू’ असा भेद होता. जो तो मान देऊ-घेऊ लागला आणि ‘दाऊ’ मागे पडलं. सतराव्या शतकात जॉर्ज फॉक्सच्या क्वेकर अनुयायांनी मात्र देवापुढे सगळे सारखे म्हणून न्यायाधीशालाही ‘दाऊ’ म्हणायचा हट्ट धरला आणि उद्धटपणाचा ठपका ओढवून घेतला. ‘यू आर’ असं एकट्या माणसाला म्हणताना अनेकवचनी ‘आर’ येतो तो ‘यू’ मुळात अनेकवचनी असल्यामुळे. ‘बाबा आले आहेत’ म्हणणाऱ्याला यात नवल वाटायला नको.

याच वाटेने आता ‘दे’ चाललं आहे. ‘समवन हॅज लेफ्ट देअर अम्ब्रेला’ हे वाक्य बरोबर आहे का, असं पालक विचारतात. बरोबर आहे. छत्री बाईची की पुरुषाची हे माहीत नसेल तेव्हा ‘दे’ वापरायची रीत इंग्रजीत चौदाव्या शतकापासून आहे. मधल्या वैयाकरणांनी तिला हुसकावून ‘ही’ बसवलं. कायद्यानेही ‘ही’च धरलं. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या आठव्या कलमात ‘ही’ हे सर्वनाम स्त्री-पुरुष दोघांनाही लागू धरावं अशी तरतूद होती. तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत ‘ही’ कायम राहिलं, फक्त त्याच्या कक्षेत तृतीयपंथी व्यक्तीही आल्या. दरम्यान मेरियम-वेब्स्टर या अमेरिकी कोशाने ‘दे’ला २०१९ सालचा शब्द ठरवलं. एकट्या माणसासाठी आलं तरी ‘दे’च्या पुढे ‘आर’च लागतो, ‘इज’ नाही.

‘आय’ की ‘मी’ या सनातन प्रश्नाला एकच कसोटी पुरते. दुसऱ्या माणसाला वाक्यातून काढून बघा. ‘ही कॉल्ड सुरेश अँड आय’ यातून सुरेशला काढलं की ‘ही कॉल्ड आय’ उरतं, आणि ते कुणालाच पटत नाही. तेव्हा ‘सुरेश अँड मी’. ‘आय’ अधिक सभ्य असतं हा समज सोडून द्यावा. दारावर टकटक करून ‘इट्स मी’ म्हणणाऱ्यालाही कुणी टोकू नये.

‘शल’ आणि ‘विल’ची भांडणं मी अशीच निकालात काढतो. ‘आय’ आणि ‘वी’ला शल, बाकीच्यांना विल, हा नियम जॉन वॉलिसने १६५३ साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात मांडला. वॉलिस पेशाने गणिती. अनंताचं आडवं आठासारखं चिन्ह त्याचंच. चिन्ह जगभर टिकलं, नियम इंग्लंडमध्येही टिकला नाही. आज कायद्याच्या भाषेत आणि ‘शल वी गो?’सारख्या विचारण्यात ‘शल’ हवं, बाकी सगळीकडे ‘विल’ पुरे. आपली अडचण वेगळीच आहे : ‘विल’ उद्धट वाटतो म्हणून आपण नम्रतेपोटी ‘आय वुड बी ऑन लीव्ह टुमॉरो’ असं लिहितो. वाचणारा ‘जर’ शोधत बसतो, कारण नुसत्या ‘वुड’मागे त्याला अट अपेक्षित असते. रजा घ्यायची असेल तर सरळ ‘आय विल’ लिहावं.

इंग्रजी शिकवणाऱ्या मास्तरांना आणि घरी अभ्यास घेणाऱ्या आईबाबांना एक विनंती. बारा काळांचे तक्ते फळ्यावर येण्याआधी पंधरा दिवस मुलांकडून फक्त तीन गोष्टी तोंडी करून घ्या : साध्या वाक्याचा नकार, त्याचाच प्रश्न, आणि त्या प्रश्नाचं ‘येस, आय डू’, ‘नो, शी कान्ट’ असं दोन-तीन शब्दांचं उत्तर. शेजारी मराठी वाक्य लिहून कुठली खूण कुठे सरकली हे त्यांनाच शोधायला लावा. तक्ते नंतर आले तरी चालतील.